बारदान वजा जाता

माझ्याकडे एक वही आहे. शाळकरी, शंभर पानी, पुठ्ठ्यावर मोराचं चित्र. तिच्या प्रत्येक पानावर मी पट्टी धरून तीन उभे रकाने आखलेत. पहिल्यात बीपीच्या मशीननं दाखवलेला आकडा, दुसऱ्यात मी कापलेला, तिसऱ्यात उरलेला. तो तिसऱ्या रकान्यातला आकडा मी फोनमध्ये भरायचो आणि तो तिकडं डॉक्टरीणबाईंना दिसायचा. या तीन रकान्यांबद्दल लिहायला बसलोय. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही पुरती नाही, त्यामुळं वेळ लागतो. नातीनं म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते. पण हे सांगून दुसऱ्याकडून लिहून घेण्यासारखं नाही.

मी मार्केट यार्डात मापाडी होतो. बटाटा, कांदा, गूळ. गाडीतून माल उतरला की हमालानं पोतं काट्यावर ठेवायचं आणि मी वजन पुकारायचं. एका बाजूला शेतकरी उभा, दुसऱ्या बाजूला अडत्याचा माणूस, आणि दोघांचाही डोळा माझ्यावर. पोत्याला स्वतःचं वजन असतं. ते वजा करावं लागतं, त्याला बारदान म्हणतात. पोतं ओलं असेल तर जास्त, सुकं असेल तर कमी. बटाट्याला माती लागलेली असेल तर तिचंही थोडं. कुठल्या पोत्याला किती वजा, हे माझ्या डोळ्यात होतं. इतक्या वर्षांत मी काटा मारला असं मला कुणी म्हणालं नाही. एकच जण म्हणाला होता. त्याचं पोतं त्याच्यासमोर तीनदा मोजून दाखवलं आणि पुढं आयुष्यभर त्याच्याशी बोललो नाही.

मग सगळीकडं बाजार खुला झाला, कंपन्या आल्या, कॉम्प्युटर आले, आणि यार्डातही लाल आकड्यांचे इलेक्ट्रॉनिक काटे आले. पोरं मला म्हणाली, "आता आकडा आपोआप येतोय, मापाडी कशाला?" मी म्हणालो, "आकडा येईल रे. बारदान कोण सांगणार?"  हे वाक्य मी पुढं फार वर्षं मिरवलं. तेच नडलं.

आमची वस्ती बिबवेवाडीच्या टेकडीच्या अंगाला आहे. रस्त्याच्या पलीकडं सोसायट्या, अलीकडं चढावर आम्ही. पाण्याचा नळ खाली, घरं वर. वस्तीतल्या निम्म्या बायका सकाळी सातला सोसायट्यांत कामाला उतरतात. सरकारी दवाखान्यात जायचं म्हणजे एक खाडा, त्यामुळं चक्कर येऊन पडेपर्यंत कुणी जात नसे. एक दिवस एका संस्थेची ताई आली. घरोघरी फिरून तिनं सगळ्यांचं बीपी मोजलं आणि शेवटी वस्तीतल्या बुद्धविहारात बसून कपाळाला हात लावला. मग तिनं सांगितलं की गल्लीत एक मशीन ठेवायचं, दर रविवारी मोजायचं, आकडे फोनमधून डॉक्टरांना पाठवायचे. महिन्यातून एकदा विहारात ती मोठा स्क्रीन लावणार, डॉक्टरीणबाई त्यावर दिसणार, गोळ्या सांगणार. गोळ्या घरपोच.

"पण गल्लीत आकडे नीट लिहिणारा एक माणूस पाहिजे," ताई म्हणाली.

"आमच्याकडं मापाडीकाका हायेत की!" पाचसहा जण एकदम बोलले. मी मान खाली घातली, पण ऐकलं सगळं.

ताईनं मला शिकवलं. "काका, माणूस आल्या आल्या मोजायचं नाही. पाच मिनिटं बसवायचं. बाही वर करायची. मध्ये बोलू द्यायचं नाही. चहा घेऊन आलं असेल तर अर्धा तास थांबवायचं. नाहीतर आकडा चढून येतो."

आकडा चढून येतो, एवढंच मी धरून ठेवलं.

पहिल्या रविवारी मी सगळ्यांना बसवलं. समोरच्या घरातली बाई सोसायटीत चार घरी स्वयंपाक करते. तिला रविवारीही सुट्टी नसते, उलट रविवारीच साहेबलोकांना भूक जास्त. ती उंबऱ्यातच उभी. "काका, मी पाच मिनिटं बसले तर तिकडं उपमा कोण करणार? तुम्ही जाताय का?" तिच्यामागं दुसरी, तिसरी, सगळ्या उभ्याच. कुणी खालून पाणी घेऊन आलेली, कुणाची बाही दंडात घट्ट रुतलेली, कुणाच्या हातात अजून चहाची बशी.

मी विचार केला. चढून आल्याचं वाढतं, बाहीचं वाढतं, चहाचं वाढतं. म्हणजे हे बारदानच झालं की. मग ते वजा करायचं, त्यासाठी माणूस कशाला अडवायचा? चढाचे दहा. बाहीचे पाच. चहाचे पाच. बोलत असेल तर आणखी पाच. माझा हात आपसूक चालायला लागला. पोतं बघून जसं कळायचं तसं मला बाई बघून कळायला लागलं, असं मला वाटत होतं. दोन महिन्यांत आमच्या गल्लीचे आकडे सगळ्या वस्तीत चांगले निघाले. ताईनं विहारात टाळ्या वाजवायला लावल्या. त्याच्या अर्धा तास आधी मी त्याच विहारात हात जोडून खोटं न बोलण्याचं शील म्हटलं होतं. तेव्हा मला त्यात काही विसंगत वाटलं नाही. मी खोटं बोलतच नव्हतो, मी वजा करत होतो.

आता बायकोचं सांगतो. ते टाळत इथपर्यंत आलो.

तिचं मी सगळ्यात शेवटी मोजायचो. गल्ली आटोपली, चहा झाला, पाणी भरून झालं की मग ती पदराला हात पुसत यायची. तिचा दंड जाड, हातात हिरव्या बांगड्या. आणि रविवारी सकाळी आमचं काही ना काही वाजलेलं असायचंच. मी मशीनच्या आकड्यातून कापत जायचो आणि तोंडानं सांगायचो, "चढाचे दहा. बाहीचे पाच. बांगड्यांचे पाच. भांडणाचे दहा."

"भांडता तुम्ही आणि कापता माझ्यातून?" ती म्हणायची.

"तुझंच वाढतं ना भांडल्यावर."

"मग तुमचं मोजा एकदा."

"मला काय धाड भरलीय?"

एका रविवारी मशीननं एकशे अडुसष्ट दाखवले. मी एकशे अडतीस लिहिले. ती जवळच बसली होती, उठली नाही. "अहो," ती म्हणाली, "एकदा न कापता पाठवा की. बघू तर द्या त्या डॉक्टर पोरीला. सकाळचं डोकं धरतंय माझं."

मी म्हणालो, "काटा मला शिकवू नको."

खरं लिहायचं तर त्यात बारदान नव्हतंच. ताई म्हणाली होती, एकशे चाळीसच्या आत ठेवायचं. माझ्या घरातला आकडा एकशे अडुसष्ट जाणं मला परवडणारं नव्हतं. गल्ली मला विचारून गोळी घेत होती.

महिन्याच्या दिवशी स्क्रीनवर डॉक्टरीणबाई आल्या. नातीच्या वयाच्या, कानाला हेडफोन, बोलणं सावकाश. "काकू, तुमचं छान आहे. एकच गोळी चालू ठेवू."

"डोकं दुखतंय हो सकाळचं," बायको म्हणाली.

बाईंनी पुन्हा आकडे पाहिले. माझे आकडे. "बीपीमुळं वाटत नाही. डोळे तपासून घ्या एकदा, चष्म्याचा नंबर बदलला असेल." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "काकांनी फार व्यवस्थित ठेवलंय सगळं."

मी घरी येईपर्यंत ताठ चालत होतो. ती मागून येत होती. मध्ये दोनदा थांबली. मी वळून पाहिलं नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी सकाळी ती चहा गाळत होती. गाळणी हातातून सुटली, चहा ओट्यावर पसरला. मी म्हणालो, "नीट धर की!" ती आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिली, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग माझ्याकडं वळली तेव्हा तिचं तोंड एका बाजूला उतरलं होतं. तिला काहीतरी म्हणायचं होतं. नुसता आवाज आला.

मुलानं आणि शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून तिला खाली उतरवलं, रिक्षात घातलं. मोठ्या दवाखान्यात नर्सनं तिच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा दोनशेच्या वर. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "बाही आहे आतमध्ये."

नर्सनं माझ्याकडं पाहिलं. "काका, बाही कापून टाकलीय मघाशीच."

तिथले डॉक्टर म्हणाले, "बीपी बऱ्याच दिवसांपासून वाढलेलं असणार. मोजत नव्हता का?"

"मोजत होतो. दर रविवारी."

"किती यायचं?"

मी तिसऱ्या रकान्यातले आकडे सांगितले. तोंडपाठ होते.

"मग मशीन बिघडलं असेल," ते म्हणाले.

"असेल," मी म्हणालो.

इथं मी लिहिता लिहिता थांबलो होतो. दोन दिवस वही उघडली नाही. यार्डात कुणी काट्यावर आळ घेतला तर मी भांडायला उठायचो. आणि तिथं, तिच्या उशाशी उभं राहून, मी एका चांगल्या मशीनवर आळ घेतला.

ती घरी आली. पाय हळूहळू उचलायला लागली, उजवा हात मात्र मांडीवर पडलेला. शब्द एकेक करून यायचे. सून तिला भरवायची. मी जवळ गेलो की ती माझ्याकडं बघायची आणि मी पाण्याचा तांब्या शोधायला उठायचो.

पुढच्या रविवारी सातला समोरची स्वयंपाकीणबाई दारात. "काका, मोजताय ना? काकूंना जपा हो. मोजा पटकन, उपमा आहे." मी पट्टा बांधला. एकशे बाहत्तर. पेन्सिल दुसऱ्या रकान्यात गेली आणि चढाचे दहा लिहून थांबली. मी तिची मागची पानं उलटली. एकशे चौसष्ट, एकशे सत्तर, एकशे सहासष्ट. तिसऱ्या रकान्यात सगळे एकशे चाळीस-पंचेचाळीस. ही बाई माझ्या बायकोच्याच वाटेनं चालली होती, आणि हातात डबा घेऊन घाईत होती.

"किती आहे काका?"

"मशीन नीट चालत नाही," मी म्हणालो. पुन्हा तेच. "आज घरी बस. कामाला जाऊ नको."

"मशीन चालत नाही म्हणून मी घरी बसू?" ती हसली आणि उतरून गेली.

मला डॉक्टरीणबाईंना सांगायचं होतं, पण एकट्यात. विहारात, गल्लीसमोर नाही. ताईनं दिलेल्या कागदावर खराडीचा पत्ता होता. सोमवारी वही पिशवीत घालून निघालो. दोन बस बदलल्या. खराडीला मी पूर्वी ज्वारीची रानं पाहिली होती, आता सगळ्या काचा. उन्हात मान वर करून कुठली इमारत ते शोधलं. दारावरचा वॉचमन विदर्भाकडचा होता, माझ्यापेक्षा थोडाच लहान. त्यानं आत फोन लावला, बराच वेळ बोलला.

"बाबूजी, त्या डॉक्टर इथं बसतच नाहीत. त्या नागपूरला घरून पाहतात. इथं फक्त कॉम्प्युटर आहेत."

"मग भेटायचं कुठं?"

"तुम्ही जिथं भेटता तिथंच. टीव्हीवर." मग आवाज कमी करून म्हणाला, "काय आहे त्या वहीत? बीपीचं? माझंही पाहून द्या ना कधी."

मी तिथल्या कट्ट्यावर बसलो. ज्या बाईनं वर्षभर माझ्या बायकोवर उपचार केले, तिला भेटायला या जगात एकच दार होतं आणि ते आमच्या विहारात होतं. तिला हात लावून बघता येत नव्हतं, चढ चढून येता येत नव्हतं. तिच्याजवळ फक्त माझे आकडे होते. हे मला आधी कळायला पाहिजे होतं. मला फक्त टाळ्या कळल्या.

तिथूनच ताईला फोन केला. "उद्या सकाळी स्क्रीन लावा."

"काका, अजून महिना नाही झाला. काय काम आहे?"

"वजनात चूक आहे."

दुसऱ्या दिवशी सहालाच ताई आली. विहाराचं दार उघडं दिसलं म्हणून गल्ली गोळा झाली. डॉक्टरीणबाई दिसल्या, केस अजून ओले होते. मी उभा राहिलो. आयुष्यात मी कुणासमोर वही उघडून उभा राहिलो नव्हतो, लोक माझ्यासमोर राहायचे.

मी सांगितलं. बाईंनी मध्ये अडवलं नाही. मग विचारलं, "किती वजा करत होतात काका?"

"कुणाचे पंधरा, कुणाचे पंचवीस."

"आणि काकूंचे?"

"तीस. कधी पस्तीस."

"कशाचे?"

बारदानाचं सगळं बोलणं मी बसमध्ये जुळवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं ते असं, "चढाचे, बाहीचे, बांगड्यांचे... भांडणाचे." कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

बाई म्हणाल्या, "पोतं रिकामं करून वेगळं मोजता येतं काका. माणसाचं तसं काढता येत नाही. म्हणून पाच मिनिटं बसवायचं असतं." मग त्यांनी विचारलं, "पहिला रकाना आहे ना वहीत? खरा?"

"आहे." मापाडी दोन्ही वजनं लिहितो. तेवढी एक सवय कामाला आली.

"वाचा. एकेकाचा."

मी वाचले. पेरूवाल्याचा, शिवणकाम करणाऱ्या आजींचा, सगळ्यांचे. प्रत्येक आकड्याला समोर कुणीतरी चुळबुळत होतं. स्वयंपाकीणबाईचा वाचला तेव्हा ती भिंतीला टेकली. "एकशे बाहत्तर? काका, मी गावी आईला कळवलं, माझं बीपी उतरलं म्हणून." मागून कुणीतरी बोललं, "मापाड्यानं आपल्यालाच मापलं." मी आवाज ओळखला. वळलो नाही.

बाईंनी सात जणांच्या गोळ्या बदलल्या आणि स्वयंपाकीणबाईला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं. उपमा त्या दिवशी राहिला. मी मशीन पिशवीत घालून ताईसमोर ठेवलं.

"परत देऊन सुटायचं नाही काका," स्क्रीनवरून बाई म्हणाल्या. "रविवारी पाच मिनिटं बसवायचं. जो बसणार नाही, त्याचा आकडा पाठवायचा नाही. आणि एकच रकाना."

घरी आलो तेव्हा बायको दाराकडं तोंड करून बसली होती. स्वयंपाकीणबाई दवाखान्याला निघताना तिला सगळं सांगून गेली होती. मी समोर बसलो. पाण्याचा तांब्या शोधला नाही.

"मी तुझे कापत होतो," मी म्हणालो.

ती एकेक शब्द जमवत होती. मी वाट बघितली. "आधी," ती म्हणाली. बराच वेळ गेला. "आधी मला... सांगायचं."

गल्लीला सांगितलं, नागपूरला सांगितलं, खराडीच्या वॉचमनला सांगायच्या बेतात होतो. तिला पुन्हा शेवटी. मी माफी मागितली की नाही ते मला आठवत नाही. तिनं भिंतीकडं तोंड केलं ते दोन दिवस वळवलं नाही.

स्वयंपाकीणबाई आता दोन गोळ्या घेते आणि दर रविवारी पाच मिनिटं बसते. माझ्याशी बोलत नाही, पण दंड पुढं करते. गल्लीतली तीन घरं पलीकडच्या गल्लीत मोजायला जातात. जाऊ देत.

रविवारी आता पहिलं मोजणं घरातलं. त्या पहिल्या रविवारी मी बायकोचा डावा हात मशीनजवळ ठेवला, बाही वर केली. बांगड्या सुनेनं आधीच उतरवल्या होत्या. दोघं बसून राहिलो. पाच मिनिटं किती मोठी असतात ते मला तेव्हा कळलं. वर्षभर मी तिला तेवढीही दिली नव्हती. तिचा श्वास ऐकू येत होता. गल्ली दारात उभी होती.

पट्टा फुगला, उतरला. एकशे सेहेचाळीस. मी पहिल्या रकान्यात लिहिले. पुढचे दोन रकाने कोरे ठेवले.

ती वहीकडं बघत होती. तोंडाची एक बाजू हलली. "भांडणाचे... किती?"

दारातल्या बायका हसल्या. तिलाही हसायचं होतं, निम्मं हसता आलं. मला नाही आलं. मी फोन घेतला आणि एकशे सेहेचाळीस भरले.